मार्गारेट डेझी ठाण्याच्या पावसाळ्यात टिकवायची कशी?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे)
नमस्कार मंडळी. पांढऱ्या फुलांची मार्गारेट डेझी (आर्जिरँथेमम फ्रुटेसेन्स) ८ इंची कुंडीत आहे. बाल्कनी पूर्वेची, सकाळी ४ तास ऊन. नर्सरीचंच मिश्रण: लाल माती आणि शेणखत. पाणी रोज. फेब्रुवारी संपत आला तशी खालची पानं पिवळी पडतायत, कळ्याही कमी झाल्यात. हंगामी म्हणून टाकून द्यायची नाही. काय बदलू? कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) ओतू का?

उत्तर (खारघर)
आधी रोजचं पाणी थांबवा. हे झुडूप मूळचं कॅनरी बेटांचं. तिथे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा. आपल्याकडे उकाडा आणि पाऊस एकत्र येतात आणि मुळं कुजतात. लाल माती रोजच्या पाण्याने दबून घट्ट होते, मुळांना हवा मिळत नाही. मुळांसकट मातीचा गोळा अलगद काढून बघा. मुळं पांढरी असतील तर कुंडी बदला: २ भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), २ भाग परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे), १ भाग गांडूळखत. बोट दोन पेरं आत कोरडं लागलं की मगच पाणी, आणि ताटलीत साचू द्यायचं नाही. मुळं तपकिरी असून साल बोटाने सुटत असेल तर रोपाचा नाद सोडा, कलमं घ्या.

कार्बेन्डाझिम नको. ही कूज बहुतेक वेळा पिथियमची (ओल्या मातीत वाढणारा बुरशीसारखा जीव) असते आणि त्यावर ते चालत नाही.

कळ्या कमी होणं हा रोग नाही. रात्री तापायला लागल्या की ती फुलायची थांबतेच.

उत्तर (नेरुळ)
कलमं मार्चच्या आतच लावा, कारण पावसाळा जुन्या झाडापेक्षा कोवळं रोप सहज काढतं. कळी नसलेला हिरवा शेंडा ७-८ सेंमी, पेराच्या खाली कापून, खालची पानं काढून, निम्मं कोकोपीट निम्मं परलाइट. सावलीत २-३ आठवड्यांत मुळं धरतात. बुंध्याशी खडबडीत गाठी दिसल्या तर त्या झाडाची कलमं मुळीच घेऊ नका, तो जिवाणूंचा रोग आहे. कात्री स्पिरिटने पुसा.

छाटणी हिरव्या भागातच, एक तृतीयांशपर्यंत. तपकिरी जुन्या लाकडाला सहसा फुटवा येत नाही, तिथेच बरीच झाडं जातात.

प्रश्नकर्ता
पावसात प्लॅस्टिक गुंडाळू का?

उत्तर (खारघर)
गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडते. छताखाली भिंतीपासून हातभर दूर, विटांवर ठेवा. जून ते सप्टेंबर खत बंद. ऑक्टोबरचा उकाडा ओसरला की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विद्राव्य खत), लिटरला १ ग्रॅम, पंधरवड्याने.