स्पीच थेरपी : पदवी, नोंदणी आणि मराठीतला 'च'

एकाने विचारलंय की सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून स्पीच थेरपिस्ट होता येईल का. नाही. बीएएसएलपी ही श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांची पदवी लागते, ३ वर्षं वर्ग आणि चौथं वर्ष इंटर्नशिप. त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेच्या रजिस्टरमध्ये नाव हवं. १९९२ च्या कायद्यानुसार त्याशिवाय व्यवसाय करणं गुन्हा आहे.

हे शिकवणाऱ्या संस्थांपैकी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, म्हैसूरची 'आयिश' (अखिल भारतीय वाणी आणि श्रवण संस्था) १९६५ पासूनची. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांसाठी नीट द्यावी लागते, तेव्हा बारावीला जीवशास्त्र सोडू नका.

पदवीत निम्मं काम ऑडिऑलॉजीचं, म्हणजे श्रवणशास्त्राचं असतं, हे बऱ्याच जणांना प्रवेशानंतर कळतं. २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतची श्रवणचाचणी आधी, उच्चार नंतर. मूल बोलत नाही याचं कारण कानात असेल तर जिभेचे व्यायाम देऊन महिने फुकट जातात. संख्याशास्त्राचाही पेपर आहे, त्याला विद्यार्थी उगाच घाबरतात.

खरी गोची भाषेची. पुस्तकं इंग्रजीत, पेशंट मराठीत. 'चमचा' आणि 'चहा' यांतला च वेगळा. 'चमचा'तला दंततालव्य, म्हणजे 'त्स'सारखा उच्चार ऐकून, उच्चार तपासायची हिंदी किंवा इंग्रजी शब्दयादी वापरणारा विद्यार्थी 'चुकीचा च' अशी नोंद करतो, आणि धडधाकट मुलाला थेरपी सुरू होते! ळ आणि ण यांचंही तेच: इंग्रजी यादीत ते नसतातच, म्हणून तपासलेच जात नाहीत. तपासताना मुलाकडून शब्द चित्र दाखवून काढून घ्या, 'माझ्यामागे म्हण' असं सांगून नको. नक्कल करताना मूल नेहमीपेक्षा बरं बोलतं.