गच्चीबाग ग्रुप: सल्ल्याखाली अंगठा द्यावा की चार वाक्ये लिहावीत?

गोखले सर (बी-५०२), रात्री ९.०८
सर्व सभासदांना नमस्कार. सावंत वहिनींनी रविवारी जास्वंदीचा फोटो टाकून विचारले होते की शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडत आहेत, शिरा मात्र हिरव्याच आहेत, तर काय करावे. त्यावर ‘कुंडीत चमचाभर एप्सम सॉल्ट घाला’ असा सल्ला आला आणि त्याखाली बघता बघता वीसेक अंगठे जमले. हे लक्षण लोहाच्या कमतरतेचे दिसते असे मी त्याच रात्री सविस्तर लिहिले होते. तो संदेश कोणी वाचला की नाही हे मला आजही कळलेले नाही. आज संध्याकाळी गच्चीवर गेलो, तर जास्वंद, मोगरा आणि कढीपत्ता अशा कितीतरी कुंड्यांमध्ये पांढरे स्फटिक पडलेले दिसले. माझी मागणी आहे की सल्ल्याच्या संदेशाखाली अंगठा देण्याची पद्धत आपण बंद करावी. ज्याला सल्ला पटला त्याने तो का पटला हे लिहावे आणि ज्याने तो करून पाहिला त्याने पुढे काय झाले ते लिहावे.

परब वहिनी (सी-१०३), रात्री ९.१६
सर, तो सल्ला माझा होता हे ग्रुपवर सर्वांनाच माहीत आहे, त्यामुळे माझे नाव घेतले असते तरी चालले असते. मी माझ्या गुलाबांना एप्सम सॉल्ट घालते आणि त्यांना त्याचा गुण आलेला आहे. लोकांना सल्ला आवडला म्हणून त्यांनी अंगठे दिले. मी कोणाच्या दारात ते मागायला गेले नव्हते.

गोखले सर (बी-५०२), रात्री ९.२५
वहिनी, आपल्या गुलाबांविषयी माझ्या मनात शंका नाही आणि माझी तक्रार आपल्याविरुद्धही नाही. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियम कमी पडले की झाड जुन्या पानांतले मॅग्नेशियम काढून नव्या पानांकडे पाठवते, त्यामुळे पिवळेपणा आधी खालच्या पानांवर दिसतो. लोहाला झाडात अशी सहज हालचाल करता येत नाही, म्हणून ते कमी पडले की आधी कोवळी पाने पिवळी होतात. सावंत वहिनींच्या फोटोत पिवळी पाने शेंड्याला होती. त्यातही पुष्कळदा मातीत लोह असतेच, परंतु माती अल्कधर्मी झाली असेल किंवा मुळे पाण्यात गुदमरली असतील तर झाडाला ते घेता येत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात कोकोपीट भरलेल्या पिशव्या दिवसेंदिवस ओल्या राहतात, म्हणून कोणतेही खत घालण्याआधी पाण्याचा निचरा पाहायला हवा. गरज नसताना मॅग्नेशियम वाढवत गेले तर झाडाला कॅल्शियम घेण्यात अडथळा येतो. वीस अंगठ्यांपैकी एकानेही ‘पिवळी पाने वरची की खालची?’ एवढे विचारले असते, तर ही चूक तिथेच थांबली असती.

स्नेहल (ए-७०१), रात्री ९.३१
सर, झाडाविषयी आपण लिहिले ते मला पूर्णपणे मान्य आहे, पण अंगठ्याविषयी नाही. मी हा ग्रुप लोकलमध्ये उभ्याने वाचते. व्हॉट्सॲपने मे २०२२ मध्ये संदेशाखाली प्रतिक्रिया देण्याची सोय आणली, त्यापूर्वी कोणाच्या कुंडीत ब्रह्मकमळ उमलले की ‘खूप छान’, ‘अप्रतिम’, ‘वा वा’ आणि जोडलेले हात असे संदेश रात्रभर येत राहायचे, आणि त्याखाली एखाद्याने विचारलेला खरा प्रश्न गाडला जायचा. अंगठ्यामुळे कौतुक फोटोपाशीच राहते आणि पुढचे वाचायला जागा मोकळी होते. तो बंद केला, तर सकाळी उठून दीडशे संदेश वर सरकवत बसण्याचे जुने दिवस परत येतील.

शिंदे काका (सी-४०४), रात्री ९.३३
मी पूर्वीही सुचवले होते की फोटोंसाठी एक आणि सल्ल्यासाठी दुसरा असे दोन स्वतंत्र ग्रुप करावेत.

देसाई (ए-६०२), रात्री ९.४०
गोखले सरांच्या मुद्द्याला जोड म्हणून एका संशोधनाची माहिती देतो. मुचनिक, अराल आणि टेलर या तीन संशोधकांनी एका बातम्यांच्या संकेतस्थळावर प्रयोग केला होता आणि तो २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वाचकांच्या एक लाखाहून अधिक प्रतिक्रियांपैकी काहींना, मजकूर न पाहता, संशोधकांनी आपल्याकडून एक अनुकूल मत देऊन ठेवले. त्यानंतर जो पहिला वाचक आला त्याने अनुकूल मत देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटी त्या प्रतिक्रियांचे एकूण गुण सरासरी २५ टक्क्यांनी अधिक भरले. उलट ज्यांना मुद्दाम प्रतिकूल मत दिले होते, त्यांना पुढच्या वाचकांनी अनुकूल मते देऊन सावरून घेतले. याचा अर्थ असा की पहिला अंगठा पडल्यावर पुढचे अंगठे काही प्रमाणात त्या अंगठ्यालाच पडत असतात. आपण इथे एकमेकांच्या शेजारी राहतो, रोज लिफ्टमध्ये भेटतो; तेव्हा आपल्यात हा ओढा कमी नसून अधिकच असणार, असे मला वाटते.

परब वहिनी (सी-१०३), रात्री ९.४४
म्हणजे ज्यांनी माझा सल्ला ऐकला त्यांनी विचार न करता ऐकला, असा याचा अर्थ होतो. त्या वीस जणांपैकी कोणी काही बोलणार आहे का?

कदम (बी-१०१), रात्री ९.४७
वहिनी, माझा अंगठा त्यात होता. मला तो सल्ला बरोबर आहे असे म्हणायचे नव्हते. आपण तातडीने उत्तर दिलेत याचे बरे वाटले, म्हणून दिला.

गोखले सर (बी-५०२), रात्री ९.४९
कदम यांनी फार मोलाची गोष्ट सांगितली. कोणी आभार म्हणून अंगठा देतो, कोणी वाचल्याची पोच म्हणून, कोणी ओळखीखातर, आणि एखादाच ‘मी हे करून पाहिले आहे’ अशा अर्थाने. नवीन बाग करणारा सभासद मात्र या सर्वांची बेरीज करून तिला खात्री समजतो आणि कुंडीत मीठ ओततो.

नाईक (सचिव), रात्री ९.५५
हाच अनुभव मला मे महिन्यात आला आहे. बाहेरगावी जाणाऱ्यांच्या झाडांना पाणी घालण्याच्या पाळ्या मी ग्रुपवर टाकल्या, त्याखाली बहुतेक सर्वांचे अंगठे आले आणि मी निर्धास्त झालो. प्रत्यक्षात गच्चीवर मी आणि वॉचमन यांच्याखेरीज कोणीही आले नाही. विचारल्यावर उत्तर मिळाले की अंगठा म्हणजे ‘वाचले’, ‘येतो’ नव्हे.

स्नेहल (ए-७०१), रात्री ९.५८
नाईक काका, त्या आठवड्यात माझी रात्रपाळी होती आणि ते मी आपल्याला फोन करून सांगितले होते. तो विषय प्रत्येक चर्चेत काढू नये, ही विनंती.

नाईक (सचिव), रात्री ९.५९
मी कोणाचेही नाव घेतलेले नाही.

शिंदे काका (सी-४०४), रात्री १०.०१
दोन स्वतंत्र ग्रुप केले तर हे सर्व प्रश्न मिटतील. माझे बारा वर्षांचे अडेनियम जुलैच्या पावसात बुडापासून कुजले, तेव्हा त्याचा फोटो मी मदतीसाठी टाकला होता. त्याखाली नऊ अंगठे आले. झाड मेल्याचे कोणाला आवडले असेल असे मी म्हणत नाही, पण कुजलेला भाग कापून उरलेला वाचवता येईल का, याचे उत्तर नवापैकी एकाकडूनही आले नाही.

देसाई (ए-६०२), रात्री १०.०६
शिंदे काका, ही उणीव मोठ्या कंपन्यांनाही जाणवली होती. फेसबुकने २००९ च्या फेब्रुवारीत एकच अंगठा आणला आणि दुःखाच्या बातमीखाली तो शोभत नाही हे लक्षात आल्यावर २०१६ मध्ये त्याला हृदय, हसू, आश्चर्य, अश्रू आणि राग यांची जोड दिली. परंतु अश्रूचे चिन्ह आले असते तरी आपले झाड वाचले नसते. कुजलेले कापून, काप सावलीत सुकवून मग कोरड्या मातीत लावा, हे कोणीतरी शब्दांतच सांगायला हवे होते.

साळवी आजी (सी-२०२), रात्री १०.१२
माझ्या वतीने नात लिहीत आहे. माझी बोटे संधिवाताने वळत नाहीत आणि एवढ्या लहान अक्षरांवर नजर ठरत नाही. पूर्वी मी या गच्चीवर तोंडली, वाल आणि अळू लावत असे. आता मला जिना चढवत नाही. तुमचे फोटो मात्र मी रोज पाहते आणि त्याखाली एक हृदय देते. मी अजून तुमच्यात आहे हे सांगण्यासाठी माझ्याजवळ तेवढेच आहे. ते काढून घेऊ नका.

गोखले सर (बी-५०२), रात्री १०.१८
आजी, आपले हृदय कोणीही काढून घेणार नाही, आणि माझे म्हणणे तसे वाटले असेल तर ते मी अधिक नेमके करतो. फुलाच्या, फळाच्या, पहिल्या कोंबाच्या फोटोखाली ज्याला जे चिन्ह द्यायचे असेल ते त्याने अवश्य द्यावे. स्नेहलचा गर्दीचा मुद्दाही तिथे खरा आहे. माझा आग्रह फक्त ज्या संदेशावरून दुसरा माणूस आपल्या झाडाला काहीतरी घालणार आहे किंवा कापणार आहे, त्या संदेशापुरता आहे. वनस्पती व प्राणी ओळखण्याचे आयनॅचरलिस्ट म्हणून एक व्यासपीठ आहे. तिथे एखाद्याने दिलेल्या नावाशी सहमत व्हायचे तर ते नाव आपल्या नावावर ओळख म्हणून नोंदले जाते, आणि किमान दोन व दोन-तृतीयांशांहून अधिक ओळखी जुळल्या तरच ती नोंद अभ्यासाच्या दर्जाची मानली जाते. तिथेही एका बोटाचेच काम आहे, पण त्या बोटामागे ‘मी हे पाहिले आणि मला असे वाटते’ अशी जबाबदारी आहे. आपल्या अंगठ्यामागे ती नाही. शिवाय पुढच्या पावसाळ्यात एखाद्याने ग्रुपवर ‘जास्वंद पिवळी’ असे शोधले, तर त्याला एप्सम सॉल्टचा सल्ला अंगठ्यांसकट सापडेल आणि त्यानंतर काय झाले याचा एक शब्दही सापडणार नाही. इतक्या जणांचा इतक्या वर्षांचा हातचा अनुभव असा वाया जावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शिंदे काका (सी-४०४), रात्री १०.२०
म्हणूनच दोन ग्रुप.

नाईक (सचिव), रात्री १०.२४
शिंदे साहेब, दोन ग्रुप केल्यावर दोन्हीकडे तेच फोटो येतात हे आपण एकदा पाहिलेले आहे. माझा प्रस्ताव असा आहे की फोटोंना प्रतिक्रियांची पूर्ण मोकळीक राहील. सल्ल्याखाली अंगठा द्यायचा नाही. करून पाहिले असेल तर झाड कोणते, कुंडी किती मोठी आणि परिणाम काय, एवढे लिहायचे. ज्यांना लिहिणे शक्य नाही त्यांनी बोलून ध्वनिसंदेश पाठवावा. हरकत असेल तर रविवारी सकाळी गच्चीवर सांगावी.

सावंत वहिनी (ए-२०४), रात्री १०.३०
ज्या झाडावरून हे सर्व सुरू झाले ते माझे आहे, म्हणून लिहिते. मी अजून मीठही घातलेले नाही आणि लोहही नाही, कारण कोणाचे ऐकावे हेच मला कळत नव्हते. आज पिशवी उचलून पाहिली, तर खालची भोके मुळांनी आणि चिखलाने बुजलेली होती आणि आत पाणी साचलेले होते. ती मोकळी करून मी पिशवी दोन विटांवर ठेवली आहे.

गोखले सर (बी-५०२), रात्री १०.३३
उत्तम केलेत. आता माती वरून सुकेपर्यंत पाणी घालू नका. त्यानंतरही नवी पाने पिवळीच आली, तर चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातले लोह, पाकिटावर दिलेल्या प्रमाणातच द्या. आधीची पिवळी पाने पुन्हा हिरवी होतीलच असे नाही, म्हणून नव्या फुटव्याकडे लक्ष ठेवा.

परब वहिनी (सी-१०३), रात्री १०.३७
नाईक काकांचा नियम मला मान्य आहे, मात्र तो सर्वांना सारखा लागू व्हावा. मी माझ्या गुलाबांचे मीठ घालण्याआधीचे आणि नंतरचे फोटो शोधून टाकते. गोखले सरांनीही लोहाच्या सल्ल्याचे काय झाले ते याच ग्रुपवर फोटोसह लिहावे, आणि गुण आला नाही तर तेही लिहावे.

गोखले सर (बी-५०२), रात्री १०.३९
अवश्य लिहीन, वहिनी.