शेवटच्या पानाने दगा दिला तेव्हा : तुमचा अनुभव सांगा

फोंड्याचा तिंटो

२०१६ चा जून. फोंडा-पणजी कदंबा बसमध्ये उभा होतो, एका हातात ओली छत्री, दुसऱ्यात मोबाईल. मित्राने ‘कॅप्टन अमेरिका : स्टीव्ह रॉजर्स’ या कॉमिकचा पहिला अंक पाठवला होता. बाणस्तारीच्या पुलावर शेवटचं पान आलं. कॅप्टन आपल्याच साथीदाराला विमानातून खाली ढकलतो आणि शांतपणे म्हणतो, ‘हेल हायड्रा’, म्हणजे त्याच्या शत्रुसंघटनेचा जयजयकार. माझा स्टॉप चुकला. खरंच चुकला, दोन स्टॉप पुढे उतरून पावसात मागे चालत आलो.

ज्यांना यात एवढं काय, असं वाटेल त्यांच्यासाठी : जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन ज्यू पोरांनी हा माणूस उभा केला. मार्च १९४१ च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरच्या थोबाडीत ठोसा लगावतो. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीसुद्धा नव्हती, उतरली डिसेंबरात. आणि पंचाहत्तराव्या वर्षी कुणीतरी सांगतं की हा आधीपासून शत्रूच्याच गोटातला.

पुढच्याच अंकात उलगडा झाला. त्याचा जुना शत्रू रेड स्कल याने कोबिक नावाच्या पोरीकरवी, म्हणजे मुलीच्या रूपातल्या कॉस्मिक क्यूब या वास्तवच बदलू शकणाऱ्या वस्तूकडून, कॅप्टनचा भूतकाळच बदलून घेतला होता. २०१७ च्या ‘सिक्रेट एम्पायर’मध्ये खरा स्टीव्ह परत आला. लेखक निक स्पेन्सरला मधल्या काळात जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्या देणाऱ्यांशी माझं काही नातं नाही, हे आधीच सांगतो.

पण रागाचं मूळ मला हवंय. नायक मेला तर आपण रडून मोकळे होतो. ‘तो पहिल्यापासून तसाच होता’ म्हटलं की आपण वाचलेली मागची पानं कुणी चोरून नेल्यासारखी वाटतात. तुमचं असं पान कुठलं? सिनेमे नकोत. सिनेमे आले की धागा मारामारीवर जातो.

मडगावची वकीलीण (अजून शिकतेय)

मी उलट्या बाजूने बोलते. ‘हेल हायड्रा’ वाचलं तेव्हा मी अकरावीत होते आणि मला ते पान जबरदस्त आवडलं. गणवेश तोच, ढाल तीच, बोलणं तेच सभ्य, आणि आत दुसराच कोणीतरी. असा माणूस कपाळावर पाटी लावून येत नाही, तो आपल्या सगळ्यांचा लाडका असतो. एवढं खरं भय सुपरहिरोच्या कॉमिकमध्ये मी तोवर वाचलं नव्हतं.

माझा राग पुढच्या अंकावर आहे. क्यूबने केलं, पोरीने केलं, जादूने झालं! मोठा आरोप ठेवायचा, साऱ्या गावाला कोर्टात बसवायचं आणि दुसऱ्या तारखेला खटलाच मागे घ्यायचा. दगा द्यायचा तर पुरता द्या ना.

फोंड्याचा तिंटो

पुरता दिला असता तर मी कॅप्टन वाचणं सोडलं असतं.

मडगावची वकीलीण (अजून शिकतेय)

सोडायचं. त्यालाच किंमत म्हणतात.

आमोण्याचा जुना वाचक

तुम्हा पोरांचं भांडण वाचून मजा आली. माझा अनुभव कॅप्टनचा नाही, वेताळाचा. इंद्रजाल कॉमिक्स मराठीत येत, १९६४ ला सुरू झालेली, १९९० ला बंद पडली. ली फॉकचा फँटम त्यांत वेताळ झाला होता. आता विचार करा, आमच्या आमोण्यात वेताळाचं देऊळ. मी सहा-सात वर्षांचा. मला वाटायचं, ही आपल्याच देवाची चित्रकथा.

आजीला नेऊन दाखवली. तिने चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “हा कसला वेताळ? आमच्या वेताळाच्या अंगावर चिंधी नाही, आणि हा नखशिखांत घट्ट कपडे घालून!” मग कवटीची अंगठी दिसली तशी जरा निवळली. आमच्या देवाच्या गळ्यातही रुंडमाळ आहे. रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, हे तिनेच मला सांगितलेलं. हा चित्रातला वेताळही चालणारं भूतच. तेव्हा आजीच्या लेखी दोघांचं गोत्र जुळलं.

दग्याची गोष्ट अशी. माझ्याकडचे सगळे अंक रद्दीतले. डिचोलीच्या बाजारात एक माणूस वजनावर द्यायचा. कव्हरं फाटलेली, बहुतेकांचं पहिलं पान गायब. वेताळ चारशे वर्षं जिवंत आहे, गोळीने मरत नाही, असं जंगलातले लोक म्हणायचे आणि त्यांच्याबरोबर मीही. दोन वर्षं मी हे शाळेत छातीठोकपणे सांगत होतो. मग मामाने म्हापशाहून एक कोरा अंक आणला, पहिल्या पानासकट. त्यात सगळं साफ लिहिलेलं : बाप मरतो, मुलगा तोच पोशाख चढवतो, आणि हा एकविसावा! म्हणजे वाचकांना हे गुपित पहिल्यापासून ठाऊक होतं. फसलो होतो मी आणि जंगलातले लोक.

रडलो. आजी सोप्यावर सुपारी कातरत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग? देवळात ज्याच्यावर भार येतो, देव अंगात येतो, तो माणूस तरी कुठे एकच असतो? पूर्वी त्याच्या बापावर यायचा, आता त्याच्यावर येतो. वेताळ बदलला काय?”

तिंटोकर, तुमच्या कॅप्टनबद्दल आजी काय म्हणाली असती ते सांगता येत नाही. भार खोटा घेणाऱ्याला मात्र ती लांबून ओळखायची.

मिरामारचा वारा

वकीलीणबाईंशी सहमत, आजींशी त्याहून सहमत. माझा अनुभव : २०१३, ‘आयर्न मॅन ३’, मँडरिन म्हणून ज्याला घाबरत होतो तो निघाला भाड्याचा नट...

फोंड्याचा तिंटो

सिनेमा नको म्हटलं होतं मरे.

भौतिकवाला मास्तर, काणकोण

उच्च माध्यमिकला शिकवतो. माझं पान १९७३ चं, ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ अंक १२१. मी जन्मलोही नव्हतो, पुढे कधीतरी पुनर्मुद्रणात वाचला. ग्रीन गॉब्लिन ग्वेन स्टेसीला पुलावरून खाली टाकतो, स्पायडर-मॅन जाळं फेकून पाय पकडतो. वाचली! मी पान उलटणार तेवढ्यात मानेशेजारी छापलेला छोटासा ‘स्नॅप’ दिसला. तोवर नायकाची प्रेयसी वाचायची म्हणजे वाचायचीच. इथे वाचवणाऱ्याच्या हातूनच गेली. नंतर अंकाच्या पत्रव्यवहारात संपादकांनीही कबूल केलं की जीव गेला तो जाळ्याच्या हिसक्याने.

दरवर्षी आवेगाचा धडा आला की मी हीच गोष्ट सांगतो. वेग तेवढाच मारायचा असतो, पण किती वेळात मारता यावर बल ठरतं. वेळ दहापट वाढवा, बल दहापट कमी होतं. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे नेतो तो म्हणूनच. आमच्याकडे घराला लागून माड असतो, कौलं फुटू नयेत म्हणून पाडेली घड दोरीला बांधून खाली सोडतो. दोरी सैल सोडत सोडत आणली तर घड अंगणात. मध्येच गच्च धरली की देठ तुटतो आणि कौलं जातात. स्पायडर-मॅनने दोरी गच्च धरली.

एका मुलीने विचारलं, “सर, मग त्याने पण खाली उडी मारून तिच्या वेगाने जात जात धरली असती तर?” पूर्ण गुण दिले. गेरी कॉनवे यांनी हे प्रकरण लिहिलं त्याला पन्नास वर्षं उलटली, आणि काणकोणात एक पोरगी अजून ग्वेनला वाचवायच्या खटपटीत आहे. ह्याला दगा म्हणत नाही मी. मागचं एकही पान खोटं पडलं नाही, उलट जड झालं.

सांखळीचा कारकून

मास्तर, स्पायडर-मॅनचंच पुढचं प्रकरण माझं. २००७ चं ‘वन मोअर डे’. त्यावर शिव्या न देणारा वाचक मला आजवर भेटला नाही. पीटरने, म्हणजे स्पायडर-मॅनने, जगासमोर मुखवटा काढला, त्यापायी त्याला वाढवणाऱ्या मे काकूला गोळी लागली. तिला वाचवण्यासाठी तो मेफिस्टोशी, म्हणजे सैतानाशी, सौदा करतो. मोबदला पैसा नाही, आत्मा नाही, मेरी जेनशी झालेलं लग्न. १९८७ साली झालेलं लग्न, वीस वर्षांचा संसार, कधी झालाच नव्हता असं ठरलं. लेखक स्ट्रॅझिन्स्की यांचंही या शेवटावर संपादकांशी पटलं नव्हतं.

मीही शिव्या दिल्या. “म्हातारी बाई आहे, आज ना उद्या जाणारच, तिच्यासाठी संसार मोडतोस?” असं सगळ्यांसारखं मीही म्हटलं.

मला आत्याने वाढवलं. आई मी दोन वर्षांचा असताना गेली. आत्याने लग्न केलं नाही, त्याचं कारण मी, हे तिने कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. काही वर्षांपूर्वी तिला अतिदक्षता विभागात ठेवलं. बाहेरच्या बाकड्यावर अकरा रात्री काढल्या. चौथ्या की पाचव्या रात्री हे कॉमिक आठवलं. माणसाला कुठे काय आठवेल सांगता येत नाही. आणि प्रामाणिकपणे लिहितो, त्या रात्री कुणी लाल कपड्यांतला येऊन काहीही मागितलं असतं तर मी दिलं असतं. काहीही. आत्या वाचली, आज परसात भेंडी लावते आणि मला अजून ‘चेडो’ म्हणते. पण त्या दिवसापासून पीटरला शिवी देता येत नाही.

सांखळीच्या कारकुनाची बायको

याच घरातून, दुसऱ्या फोनवरून लिहितेय. “काहीही” वाचलं हं.

मीही त्या अकरा रात्रींतल्या सात बाकड्यावर होते, ते लिहायचं राहिलं वाटतं. असो. माझी तक्रार सौद्याबद्दल नाहीच. सौदा मेरी जेननेही मान्य केला होता, हे सगळे विसरतात. माझी तक्रार आहे की त्यांना आठवणसुद्धा ठेवू दिली नाही. आत्यांसाठी तुम्हाला सोडावं लागलं असतं तर कदाचित सोडलं असतं. पण आपण काय दिलं ते तरी आठवायला हवं की नको?

सांखळीचा कारकून

चहा ठेवतो.

फोंड्याचा तिंटो

कारकूनसाहेब, दोन कप ठेवा. वहिनी, मला चार परिच्छेदांत सांगता आलं नाही ते तुम्ही तीन ओळींत सांगितलं.

पेडण्याचा मतदार

वातावरण हलकं करतो. बॅटमॅन, १९८८, ‘अ डेथ इन द फॅमिली’. बॅटमॅनचा पोरसवदा साथीदार, दुसरा रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, जगावा की मरावा हे प्रकाशकाने वाचकांवर सोडलं. दोन फोन नंबर छापले. मरावा : ५,३४३. जगावा : ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगं गेलं!

गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात माझ्या आजोबांनी फुलावर, म्हणजे विलीनीकरणावर, शिक्का मारला होता. दोन पानं, म्हणजे वेगळं राहणं, जिंकलं, चौतीस हजारांच्या फरकाने. आजोबा जन्मभर तो कौल हरले, पण कौलच खोटा होता असं कधी म्हणाले नाहीत. त्यांना मी हा रॉबिनचा किस्सा सांगितला होता. म्हणाले, “राज्य कुठे जावं ते लोकांना विचार. पोराला मारू का, हे लोकांना विचारायचं असतं?” मग थोड्या वेळाने, “आणि एकाने दोनदा फोन लावला तर?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तळटीप : जेसन टॉड २००५ मध्ये परत आला, रेड हूड होऊन. सतरा वर्षांनी. आमच्याकडे पडलेला उमेदवार पाच वर्षांत येतो, बहुतेकदा दुसऱ्या पक्षातून.

तारवट्याचा पुतण्या, वास्को

माझा काका बोटीवर होता. १९९३ च्या सुरुवातीला सुट्टीवर आला तेव्हा माझ्यासाठी ‘सुपरमॅन’ अंक ७५ घेऊन आला. डूम्सडेशी लढताना सुपरमॅन मरतो तो. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत मोहोरबंद, वर रक्ताळलेला ‘एस’. मी फोडायला गेलो तर काकाने हात धरला. “फोडू नकोस, वीस वर्षांनी याचे लाख होतील.”

तेव्हा दुनियेभर सगळ्या काकांनी हेच ठरवलं होतं. लाखोंनी अंक खपले, लाखोंनी जपले गेले, मग लाख कुठून होणार? दुर्मीळ असेल तर भाव. सुपरमॅन त्याच वर्षी जिवंत होऊन परतलासुद्धा, आणि माझा सुपरमॅन मात्र पत्र्याच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसोबत मेलेला पडून. मला गोष्ट शब्दशः ठाऊक होती, पण वाचलेली नव्हती. असा वाचक जगात मीच असेन असं वाटायचं.

काका गेला त्या वर्षी पावसाळ्यात ट्रंक उघडली. पिशवीला बुरशी आलेली, आतलं शाबूत. फोडली. अंकासोबत दंडाला बांधायची काळी फीत निघाली, सुपरमॅनचं सुतक पाळायला छापलेली. बाराव्याच्या दिवशी मी ती शर्टाच्या खिशात ठेवली होती. बांधली नाही. लोकांना काय सांगणार?

मडगावची वकीलीण (अजून शिकतेय)

वास्कोकर, मला काहीच सुचत नाही लिहायला.

आमोण्याचे काका, एक विचारू? तो पहिलं पान नसलेला अंक, ज्याने तुम्हाला दोन वर्षं फसवलं, तो अजून आहे का तुमच्याकडे?

आमोण्याचा जुना वाचक

आहे गो बाय. आता शेवटचं पानही वाळवीने नेलं.