कंपनीची टचस्क्रीन की बाहेरची अँड्रॉइड?

कंदीपेढा: साताऱ्यात नवी हॅचबॅक बुक करायची आहे. खालच्या मॉडेलला स्क्रीन नाही. निव्वळ नॅव्हिगेशनसाठी वरचं मॉडेल घ्यावं, की बाहेरून नऊ इंची अँड्रॉइड बसवावी?

अजिंक्यतारा: वरचं घ्या. नकाशा गाडीतच असलेली सिस्टिम चाकांचा वेग आणि जायरो (वळण ओळखणारा सेन्सर) वापरते, त्यामुळे खंबाटकीच्या बोगद्यात उपग्रह तुटले तरी बाण सरकत राहतो. बाहेरच्या युनिटचा बाण तोंडाशीच अडकतो.

वायरिंगवाला: एका बोगद्यासाठी लाखभर, राव? या किमतीच्या गाड्यांत ‘कंपनीचं नॅव्हिगेशन’ म्हणजे बहुतेकदा अँड्रॉइड ऑटो. नकाशा फोनचा, डेटाही फोनचाच. बामणोलीकडे रेंज गेली की दोघांची गत एकच. घरूनच ऑफलाइन नकाशा उतरवून निघायचं.

खरी गडबड फिटिंगमध्ये होते. गाडीच्या कपलरला (वायरींच्या प्लगला) बसणारं हार्नेस, म्हणजे तयार वायरजोडणी, मागा, वायर कापू देऊ नका. पिवळ्या वायरला कायम 12 व्होल्ट हवेत, लालला चावी फिरवल्यावरच. मल्टिमीटर न लावता दोन्ही कायमच्या सप्लायवर पिळल्या, तर युनिट झोपतच नाही आणि उभ्या गाडीची बॅटरी बसते. अदलाबदल झाली तर चावी काढली की घड्याळ, रेडिओ स्टेशनं सगळं पुसलं जातं. जीपीएसचा अँटेना डॅशमागे लोखंडी पट्टीखाली कोंबतात, मग गाडी हायवेवर आणि बाण सर्व्हिस रोडवर. तो काचेच्या पायथ्याशी, तोंड आकाशाकडे करून चिकटवायचा. वर प्लास्टिक चालतं, धातू नाही.

अजिंक्यतारा: फिटिंगचं मान्य, पण माल? सेटिंगमध्ये ‘8 जीबी रॅम, अँड्रॉइड 13’ लिहिलेलं खोटं असू शकतं, विक्रेते तो आकडा सॉफ्टवेअरमधून बदलतात. आत 2 जीबी निघाली तर नकाशा, गाणी आणि रिव्हर्स कॅमेरा एकदम चालवताना स्क्रीन गोठणारच.

भडंग_सांगली: म्हणून पैसे देण्याआधी त्यावर सीपीयू-झेड हे आतली चिप आणि मेमरी दाखवणारं ॲप टाकून बघायचं, पाच मिनिटांचं काम. आणि पार्किंग सेन्सरच्या नावाखाली कोणी वरचं मॉडेल गळ्यात मारत असेल तर ऐकू नका. 1 जुलै 2019 पासून ते नव्या कारना सक्तीचे आहेत, खालच्या मॉडेललासुद्धा. मात्र ज्या गाडीत एसीची सेटिंगं स्क्रीनमध्येच आहेत, तिथे बाहेरच्याच्या वाटेला जाऊ नये.

वायरिंगवाला: बरोबर. कंदीपेढा, बसवलंत तर बिल जपा आणि विम्यात इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी म्हणून नोंद करा. हप्ता किमतीच्या 4 टक्के, म्हणजे 15 हजारांच्या युनिटला 600 रुपये अधिक जीएसटी. नोंद नसेल तर चोरीला गेल्यावर विमा कंपनी त्याचे पैसे देत नाही.