बँडचे लाइव्ह कार्यक्रम कमी खर्चात रेकॉर्ड करायचे आहेत, काय घ्यावं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. आमचा नाशिकचा पाच जणांचा बँड आहे. गायिका, अकूस्टिक गिटार, बेस, कीबोर्ड आणि मी ढोलकी-हलगीवर. कॅफे, कॉलेजची गॅदरिंग, गणपतीत मंडळांचे कार्यक्रम असं चालतं. रेकॉर्डिंग म्हणजे कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं. त्यात हलगी कडाडली की गायिकेचा आवाज खाली जातो आणि मग हळूहळू वर येतो. ऐकवत नाही. बजेट २०,०००. लॅपटॉप आहे, मिक्सर जिथे वाजवू तिथल्या साउंडवाल्याचा. आयोजकांना पाठवता येईल आणि आम्हालाही आपलं वाजवणं नीट ऐकता येईल, एवढं हवंय.

साउंडचेक
मोबाइलमध्ये ऑटो गेन असतो. मोठा आवाज आला की तो सगळीच लेव्हल खाली ओढतो, त्यात गायिका बुडते. लेव्हल हाताने ठरवता आली पाहिजे, बाकी सगळं नंतर.

माझ्या मते चार ट्रॅकचा (चार आवाज वेगवेगळे साठवणारा) हँडी रेकॉर्डर घ्या. झूम एच४एन प्रो वापरलेला मिळाला तर उत्तम. त्याला वर स्वतःचे दोन माइक आहेत, खाली दोन इनपुट, आणि चारही एकाच वेळी रेकॉर्ड होतात. तुम्हाला नेमकं हेच लागणार आहे. छोट्या हॉलमध्ये हलगी स्पीकरशिवायच ऐकू येते, त्यामुळे साउंडवाला ती मिक्सरमधून फारशी सोडत नाही. नुसतं मिक्सरचं आउटपुट घेतलंत तर गायिका कानाशी आणि हलगी गायब. नुसते हॉलमधले माइक घेतलेत तर हलगी, टाळ्या आणि घुमणाऱ्या भिंती. दोन्ही घ्या आणि घरी मिसळा.

साउंडवाल्याकडे एक ऑक्स, म्हणजे मिक्सरचं वेगळं आउटपुट मागा, प्री-फेडर. म्हणजे तो हॉलसाठी फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर-खाली करत राहिला तरी तुमचं मिक्स हलणार नाही. ती लाइन रेकॉर्डरला क्वार्टर इंच जॅकने जोडा, एक्सएलआरने (माइकच्या तीन पिनांच्या कनेक्टरने) नको. एक्सएलआरला माइकइतका बारीक सिग्नल अपेक्षित असतो, मिक्सरचा आवाज फाटतो. फॅन्टम पॉवर (केबलमधून माइकला दिली जाणारी वीज) बंद आहे ना, ते बघा.

लेव्हल लावताना सर्वांत दणदणीत गाणं वाजवा आणि काटा उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. प्रेक्षकांसमोर सगळेच साउंडचेकपेक्षा जोरात वाजवतात. २४ बिटवर रेकॉर्ड केलंत तर लेव्हल कमी ठेवूनही काही बिघडत नाही, नंतर वाढवता येते. फाटलेला आवाज मात्र शिवता येत नाही.

तारसप्तक
साउंडचेक यांच्याशी सहमत, पण खरेदीआधी एक विचारून घ्या. कार्यक्रमाला डिजिटल मिक्सर आहे का? बेहरिंगर एक्सआर१८ असेल तर एका यूएसबी केबलने १८ चॅनल वेगवेगळे लॅपटॉपवर येतात, एक्स३२ ला यूएसबी कार्ड असेल तर ३२. खर्च फक्त केबलचा. ड्रायव्हर घरूनच टाकून न्या. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगचं सॉफ्टवेअर रीपर ६० दिवस फुकट वापरता येतं. एक्स३२ वर थेट पेन ड्राइव्हही लागतो, तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा, आणि त्यात फक्त स्टिरिओ मिक्स मिळतं, चॅनल वेगळे नाहीत.

हलगीला माइक लावायला आग्रहाने सांगा. हॉलमध्ये तिचा फेडर शून्यावर असला तरी चालेल, यूएसबीला सिग्नल सहसा फेडरच्या आधीच घेतलेला असतो.

गोदाकाठ
मोठ्या हॉलमध्ये डिजिटल मिळेल, कॅफेत आणि मंडळात तोच जुना अ‍ॅनालॉग. म्हणजे रेकॉर्डर लागेलच. दोन शंका. तो ठेवायचा कुठे? आणि मिक्सरचा आवाज व माइकचा आवाज मागे-पुढे होणार नाही का?

साउंडचेक
होणार, पण सोपं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. रेकॉर्डर स्टेजपासून १० मीटरवर असेल तर माइकचा ट्रॅक २९ मिलिसेकंद उशिरा येतो. रीपरमध्ये झूम करून हलगीचा एक ठोका शोधा, दोन्ही ट्रॅकवर त्याची टोकदार रेघ लगेच दिसते. माइकचा ट्रॅक ओढून ती रेघ जुळवा, सगळा कार्यक्रम जुळतो. दोन वेगळी यंत्रं असती तर तासाभरात पुन्हा सरकलं असतं, इथे चारही ट्रॅक एकाच घड्याळावर चालतात.

जागा मिक्सरच्या टेबलाशेजारी, स्टँडवर, लोकांच्या डोक्यांच्या वर. कोपऱ्यात नको, स्पीकरच्या तोंडावर तर नकोच. कॅफेत स्टेजपासून दोन-तीन मीटर पुरे. ३२ जीबीचं कार्ड बास. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला चार ट्रॅकचे तासाला साधारण २ जीबी होतात.

कणकवलीकर
मंडळाच्या मांडवात लॅपटॉप जोडणार असाल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. घूंऽऽ असा आवाज बऱ्याचदा तिथूनच येतो. तरी राहिला तर मिक्सरकडून येणाऱ्या ऑडिओ केबलच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, तो दोन्हीकडची विजेची जोडणी तोडून फक्त आवाज पुढे देतो. उघड्यावर माइकला फोमची टोपी हवीच.

आणि साउंडवाल्याला आदल्या दिवशी फोन करा. ऐन वेळी वायर घेऊन गेलात तर तो नाहीच म्हणणार, आणि त्याचं बरोबरही आहे. त्याला सगळी गर्दी सांभाळायची असते. आपल्या जॅकच्या केबल आणि कनेक्टर आपणच न्यायचे, त्याच्या मिक्सरला हात लावायचा नाही.

गोदाकाठ
हे फार कामाचं आहे, मनापासून आभार. वापरलेला रेकॉर्डर बघताना काय तपासू?

साउंडचेक
आपले हेडफोन घेऊन जा. चारही ट्रॅकवर बोलून रेकॉर्ड करा आणि ऐका. जॅक खोचून जरा हलवा, खरखर आली तर सॉकेट ढिलं आहे, तो घेऊ नका. गेनची बटणं दाबून बघा, बॅटरीचं झाकण नीट बसतं का बघा. वरच्या दोन्ही माइकवर वेगवेगळी चुटकी वाजवा, एक बाजू हळू ऐकू आली तर परत द्या.