अरुंद चॅनेलमध्ये दांडीसारखे कण मध्यरेषेवर का थांबत नाहीत?

प्रश्न (कणकण):
पीडीएमएसचं (पारदर्शक सिलिकॉन रबराचं) चॅनेल, उंची ३० मायक्रॉन, रुंदी ५००. पीईजीडीए ७०० (यूव्ही प्रकाशाने घट्ट होणारा द्रव) मध्ये डॅरोक्युर ११७३ (ही क्रिया सुरू करणारं रसायन) घालून स्टॉप-फ्लो लिथोग्राफीने, म्हणजे प्रवाह थांबवून मास्कमधून यूव्ही टाकून, १०० मायक्रॉन लांबीच्या दांड्या चॅनेलमध्येच बनवतो. वेग साधारण १०० मायक्रॉन प्रति सेकंद. दांड्या या बाजूच्या भिंतीकडून त्या भिंतीकडे नागमोडी जातात, मध्यावर येऊन स्थिरावत नाहीत. दाब वाढवू का? जेफ्रीच्या सूत्राने (वाहत्या द्रवात लांबट कण किती वेळात एक कोलांटी मारतो ते सांगणारं) काढलेला फिरण्याचा कालावधीही जुळत नाही.

उत्तर (रेनॉल्ड्सराव):
दाब वाढवून उपयोग नाही. पीईजीडीए ७०० पाण्याच्या जवळजवळ शंभरपट चिकट, त्यामुळे तुमचा रेनॉल्ड्स अंक (चिकटपणाच्या तुलनेत जडत्व किती ते सांगणारा) ०.००००४ च्या आसपास. इथे जडत्व नाहीच. वेग दुप्पट केलात तरी कण त्याच वाटेने जाईल, फक्त निम्म्या वेळात.
जेफ्रीचं सूत्र मोकळ्या द्रवातल्या एकसमान शिअरसाठी (थरागणिक वेग सारखाच बदलत जाणाऱ्या प्रवाहासाठी) आहे. तुमची दांडी वरच्या-खालच्या भिंतींमध्ये जवळजवळ अडकलेली आहे, ती कोलांटी मारूच शकत नाही. नियम ठरवतात त्या दांडी आणि या भिंती यांमधल्या दोन पातळ फटी. त्यांतल्या घर्षणामुळे कण द्रवाच्या मागे पडतो. प्रवाहाला आडवी असलेली दांडी प्रवाहाला जास्त अडवते, म्हणून ती प्रवाहाच्या दिशेत असलेल्या दांडीपेक्षा वेगाने ढकलली जाते. परिणामी तिरप्या दांडीचं पुढचं टोक डावीकडे असेल तर ती सरकते उजवीकडे! मोकळ्या द्रवात बुडणाऱ्या दांडीच्या नेमकं उलट. भिंतीजवळ गेली की वळते आणि परत फिरते. दोन्ही टोकं सारखी असल्यामुळे हे हेलकावे विझवणारं काही उरत नाही.

उत्तर (मास्कवाली):
म्हणून आकारच बदला. दोन असमान चकत्या जोडून डंबेल करा. मोठीची त्रिज्या लहानीच्या दीडपट घेऊन सुरुवात करा. एमआयटीत डॉयल यांच्या गटाने २०१३ साली असे कण आपोआप मध्यरेषेवर येतात हे दाखवलं. दोघी शेजारी-शेजारी असताना मोठीने ढवळलेला प्रवाह लहानीला जास्त पुढे रेटतो, म्हणून लहान चकती पुढे जाते आणि मोठी मागे राहते. त्या दिशाबदलामुळेच हेलकावे विझतात.

आता करताना काय बिघडतं ते. खालची काच उघडी ठेवू नका, तिच्यावरही पीडीएमएसचा थर हवा. त्यातून येणारा ऑक्सिजन भिंतीलगत काही मायक्रॉन द्रव घट्ट होऊ देत नाही, तीच तुमची फट. यूव्ही जास्त वेळ दिलात तर फट आक्रसते आणि कण घासत जातो किंवा चिकटतो. कमी दिलात तर कडा मऊ राहतात, दोन चकत्यांमधला दांडा वाकतो. दाब काढल्यावर पीडीएमएस पूर्ण बसेपर्यंत थांबा, नाहीतर आकार लांबट उमटतो. आणि हो, दाब जास्त असेल तर चॅनेल मध्यभागी फुगतं. मग तिथली फट मोठी, कडेची लहान, आणि दिसलेला परिणाम नक्की आकाराचा की फुगवट्याचा हे सांगता येत नाही.

कणकण:
किती लांब चॅनेल लागेल?

मास्कवाली:
वेगावर अवलंबून नाही, एवढं पक्कं. कण तोंडाजवळ, भिंतीशी थोडा तिरपा बनवा आणि सूक्ष्मदर्शकाची स्टेज सरकवत शेवटपर्यंत त्याचा माग काढा. हेलकावे विझण्याआधी चॅनेल संपलं तर वळणं देऊन लांबवू नका. वळणावर कोन पुन्हा बिघडतो. सरळच लांबवा.

रेनॉल्ड्सराव:
कण फक्त मध्यावर हवे असतील, आकाराशी देणंघेणं नसेल, तर दोन्ही बाजूंनी शीथ प्रवाह (कणांच्या प्रवाहाला मध्याकडे दाबणारा नुसता द्रव) देणं सोपं. पण मग पंप आणि दोन जास्तीची तोंडं सांभाळा.