शब्दचर्चा: धुरा, तो की ती?

प्रश्न (वर्धा जिल्हा): आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची मराठी पुस्तिका लिहितोय. विषय असा, की बदल एका संस्थेत ठरतो आणि निभवावा लागतो दुसरीला. मसुद्यात ‘आंतरसंस्थात्मक बदल व्यवस्थापन’ आलंय. सभेत वाचलं, सगळे गप्प.

गेल्या हंगामात कापसाचा ओलावा गावातच मोजायचं ठरलं. जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याचा, मॅनेजर हो म्हणाला. काट्यावरच्या माणसाला मात्र कोणी सांगितलंच नाही. त्यानं रोजच्यासारखं मशीन कापसात खुपसलं, आकडा वेगळा आला आणि आमच्या तीन गाड्या रात्री नऊपर्यंत फाटकात उभ्या. बदल जिथं असा अडतो, त्या जागेला शब्द हवाय.

प्रतिसाद १: ‘सांधा’ घ्या. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते तो रेल्वेचा ‘सांधेबदल’ तयारच आहे.

प्रतिसाद २ (गडचिरोली): आमच्या मेंढा (लेखा) गावाचं बघा. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपजात, म्हणजे गावानं गोळा करून विकायच्या वनमालात आला. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना वनखात्याचाच लागे. एप्रिल २०११ मध्ये परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, तेव्हा कुठं वाट मोकळी झाली. कागदावर हक्क होता, तरी माल धुऱ्यावरच अडला होता. ‘धुरा’च म्हणा ना भाऊ.

मूळ प्रश्नकर्ता: धुरा! रोज तोंडात असून सुचला नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो: आपल्याकडे ‘तो धुरा’ म्हणजे दोन वावरांमधला बांध. ‘संस्थेची धुरा सांभाळली’ म्हणतात ती स्त्रीलिंगी, संस्कृत ‘धुर्’ म्हणजे जू, त्यावरून आलेली. मला दोन्ही अर्थ हवेत, हद्दही आणि भारही.

‘सांधा’ सुंदर आहे, पण रूळ इकडचा असो की तिकडचा, रेल्वे एकच. धुरा दोघांचा असतो. एकट्यानं कोरला की भांडण ठरलेलं.

पुस्तिकेत आता लिहिलंय: ‘जिनिंगचा काटा हा आपला धुरा. हंगामाआधी काट्यावरच्या माणसासोबत तिथं उभं राहून एक गाडी मोजून घ्यावी.’

शीर्षक अजून अडलंय. ‘धुरेबदल’ म्हटलं तर कोणी रातोरात धुरा सरकवल्यासारखं वाटतं का? यवतमाळ-अमरावतीकडच्यांनी सांगावं.